अपग्रेडनंतर प्रोग्राम उघडताच बंद पडतो: पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोजवर पाच वर्षं बिनतक्रार चाललेला चित्रं काढायचा एक प्रोग्राम. नवी आवृत्ती आली म्हणून अपग्रेड केलं. आता आयकॉनवर डबल क्लिक केलं की सुरुवातीचं नावाचं चित्र दोन सेकंद दिसतं आणि सगळं नाहीसं होतं. एररचा संदेश येत नाही. दोनदा अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकला, तरी तेच. आता विंडोजच नव्यानं टाकावं का, की त्याआधी काही करून बघण्यासारखं आहे?

करून बघण्यासारखं बरंच आहे. विंडोज नव्यानं टाकू नका. अशा दुखण्यात त्याची गरज क्वचितच पडते, आणि त्यात एक-दोन दिवस जाऊन वर तुमची घडी बसलेली सगळी व्यवस्था मोडते. दोनदा पुन्हा टाकूनही काही बदललं नाही, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ आहे. तिथूनच सुरुवात करू.

प्रोग्राम एकाच जागी राहत नाही. त्याचं स्वतःचं सामान 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्ये असतं: चालणारी फाइल, तिला लागणाऱ्या डीएलएल फाइली (गरजेप्रमाणे उचलायचे कोडचे तयार तुकडे) वगैरे. तुमचं सामान मात्र तुमच्या खात्याच्या फोल्डरमध्ये साठतं: ब्रश, रंगांचे संच, शॉर्टकट, कोणती पट्टी स्क्रीनवर कुठे ठेवली होती, शेवटची उघडलेली फाइल, नंतर बसवलेले प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्राम. अनइन्स्टॉलर पहिलं सामान काढतो. दुसऱ्याला बहुतेक वेळा मुद्दाम हात लावत नाही, नाहीतर प्रत्येक अपग्रेडला तुमचे ब्रश गेले असते. नवी आवृत्ती उघडली की अगदी सुरुवातीलाच हे जुनं सामान वाचायला घेते, आणि त्यातलं काही तिला पचलं नाही तर तिथेच कोसळते. म्हणजे तुम्ही दोनदा जी बाजू बदललीत ती बहुधा आधीपासून धडधाकट होती. बिघाड दुसऱ्या बाजूला असायची शक्यता जास्त.

त्या बाजूला हात घालण्याआधी तिची एक प्रत बाहेर काढून ठेवा. हे मी कळकळीनं सांगतोय. या कामात नवीन असताना एका चित्रकार बाईंचा असाच प्रोग्राम मी दुरुस्त करायला घेतला होता. सेटिंग्जचं फोल्डर डिलीट केलं, प्रोग्राम लगेच उघडला, मला फार बरं वाटलं. त्या फोल्डरमध्ये त्यांनी नऊ वर्षांत स्वतः घडवलेले ब्रश होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. बाईंनी रागाचा एक शब्दही काढला नाही, आणि तेच मला आजही लागतं. तेव्हापासून अशा कामात मी काहीही डिलीट करत नाही, फोल्डरचं फक्त नाव बदलतो. नाव बदललं की प्रोग्रामला ते सापडत नाही, म्हणजे परिणाम तोच होतो, आणि चूक झाली तर जुनं नाव परत देता येतं.

हे फोल्डर सहसा लपवलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत 'ॲपडेटा' हा शब्द रोमन अक्षरांत, पुढे-मागे टक्क्याचं चिन्ह लावून लिहा आणि एंटर दाबा. 'रोमिंग' नावाचं फोल्डर उघडेल. एक पायरी वर गेलात की त्याच्या शेजारी 'लोकल' आणि 'लोकललो' दिसतील. तिन्हींमध्ये त्या प्रोग्रामच्या किंवा तो बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचं फोल्डर शोधा आणि जे सापडेल ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. काही प्रोग्राम 'डॉक्युमेंट्स'मध्येही आपलं फोल्डर ठेवतात, तेही बघा. प्रोग्राम काही सेटिंग्ज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ठेवत असेल तर रजिस्ट्री एडिटरमध्ये 'एचकी करंट यूजर', त्याच्या आत 'सॉफ्टवेअर', त्याच्या आत कंपनीचं नाव, आणि त्यावर उजवं क्लिक करून 'एक्सपोर्ट'. तुमच्या चित्रांचीही वेगळी प्रत काढा. त्याचं कारण शेवटी येईल.

आता दोन साध्या गोष्टी. एक म्हणजे प्रोग्राम खरंच बंद पडतोय ना, हे बघा. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' यादीत त्याचं नाव दिसत राहत असेल तर तो चालू आहे, फक्त दिसत नाही. पूर्वी दुसरा मॉनिटर जोडलेला होता आणि खिडकीची जागा तिथलीच लक्षात राहिली, असं पुष्कळदा होतं. टास्कबारवर त्या प्रोग्रामचा आयकॉन निवडून विंडोज आणि शिफ्ट या दोन कळांबरोबर डावा किंवा उजवा बाण दाबला की खिडकी परत येते. कधी आधीच्या प्रयत्नातला अर्धमेला प्रोग्राम मागे अडकून बसलेला असतो आणि दुसऱ्याला उघडू देत नाही. त्याला 'एंड टास्क' करा.

दुसरी म्हणजे संगणक 'रिस्टार्ट' करा, 'शट डाउन' नको. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. इन्स्टॉल होताना ज्या फाइली वापरात होत्या त्या बदलण्याचं काम पुढच्या रिस्टार्टवर ढकललेलं असतं. रोज रात्री शट डाउन करणाऱ्यांचं ते काम आठवडाभर तसंच पडून राहू शकतं, आणि तोवर निम्म्या फाइली नव्या, निम्म्या जुन्या.

तुमच्या वर्णनात अजून एक चांगला धागा आहे. सुरुवातीचं चित्र दिसतं, म्हणजे मुख्य फाइल आणि तिला लगेच लागणाऱ्या डीएलएल फाइली सापडल्या आहेत. त्या सापडल्या नसत्या तर चित्रापर्यंत गाडी पोहोचलीच नसती, विंडोजनंच आधी संदेश दाखवला असता. कोसळणं त्याच्या पुढच्या टप्प्यात आहे: सेटिंग्ज वाचताना, फॉन्ट मोजताना, प्लगिन भरताना किंवा ग्राफिक्स कार्ड जागं करताना. बऱ्याच प्रोग्रामांच्या या चित्रावर खाली बारीक अक्षरांत काय चाललंय ते लिहून येतं. डोळ्यांना ते पकडता येत नाही, म्हणून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये त्याचा व्हिडिओ काढा आणि शेवटची ओळ वाचा. तिथे 'प्लगिन' किंवा 'फॉन्ट' असं काही दिसलं तर अर्धा शोध तिथेच संपतो.

यानंतर ज्या चाचणीवर माझी सगळ्यात जास्त भिस्त आहे ती करा: विंडोजवर एक नवं खातं उघडा. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', त्यात 'अदर यूजर्स'. साधं स्थानिक खातं पुरे. त्या खात्यानं साइन इन करून प्रोग्राम चालवा. दहा मिनिटांचं काम आहे, कशालाही धक्का लागत नाही, आणि उत्तर जवळजवळ हो-नाही असं मिळतं. नव्या खात्यात तुमचं कुठलंच जुनं सामान नाही. तिथे प्रोग्राम उघडला तर बिघाड तुमच्या खात्यातल्या सामानात आहे. तिथेही कोसळला तर तो संपूर्ण संगणकाचा प्रश्न आहे: ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड, प्रिंटर वगैरे चालवणारा प्रोग्राम), सामायिक डीएलएल, फॉन्ट, अँटीव्हायरस किंवा प्रोग्राम स्वतः. लोक ही चाचणी वगळून ड्रायव्हर बदलत बसतात आणि आठवडा घालवतात. याचं मला वाईट वाटतं.

समजा, नव्या खात्यात प्रोग्राम उघडला. मग आपल्या नेहमीच्या खात्यात परत या, प्रोग्राम बंद असल्याची खात्री करा आणि 'रोमिंग'मधल्या त्याच्या फोल्डरच्या नावाला शेवटी 'जुनं' असं काही जोडा. चालवून बघा. नाही उघडला तर 'लोकल'मधल्या फोल्डरचंही नाव बदला, मग रजिस्ट्रीतल्या नोंदीचं. उघडला, की प्रोग्रामनं नवं कोरं फोल्डर तयार केलेलं दिसेल. आता जुन्यातलं सामान त्यात परत आणायचं, पण निम्मं निम्मं करून. सोळा गोष्टी असतील तर आधी आठ आणा. चालला तर दोषी उरलेल्या आठात, नाही चालला तर आणलेल्या आठात. पुन्हा निम्मं. चार फेऱ्यांत नेमकी एक फाइल हातात येते. एकेक करत बसलात तर पंधरा फेऱ्या लागू शकतात.

बहुतेक वेळा ती फाइल प्लगिन निघते. प्लगिन म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला कोड, तो तुमच्या प्रोग्रामच्या पोटात जाऊन चालतो, आणि तो कोसळला की प्रोग्रामला बरोबर घेऊन जातो. मोठ्या अपग्रेडमध्ये आतली जोडणीच बदलते. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएस स्टुडिओची २८वी आवृत्ती २०२२ मध्ये आली तेव्हा क्यूटी या पायाभूत लायब्ररीची (प्रोग्राम ज्यावर उभा असतो त्या तयार कोडची) पाचवी पिढी सोडून सहावी घेतली गेली, आणि तोवरच्या कितीतरी प्लगिनना नव्यानं बांधावं लागलं. गिंप या चित्रांच्या प्रोग्रामची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, तिच्यात पायथन २ मध्ये लिहिलेले जुने प्लगिन चालत नाहीत. तुमच्या प्रोग्रामला 'सेफ मोड' आहे का तेही बघा. लिबर ऑफिसला आहे, ओबीएसला ३०व्या आवृत्तीपासून आहे, फायरफॉक्स शिफ्ट कळ दाबून धरत उघडलं की 'ट्रबलशूट मोड' विचारतो. त्यात बाहेरचे प्लगिन बाजूला ठेवून प्रोग्राम उघडतो. तसं उघडलं आणि एरवी उघडलं नाही, तर नवं खातं काढायचेही कष्ट वाचले.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे अर्धवट झालेलं स्थलांतर. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना जुन्या सेटिंग्ज किंवा जुना डेटाबेस नव्या साच्यात उतरवते. नेमकी त्याच वेळी डिस्क भरली, वीज गेली, किंवा क्लाउडशी जुळवून घेणाऱ्या प्रोग्रामनं ती फाइल धरून ठेवली, तर डेटाबेस धड जुना नाही, धड नवा नाही असा उरतो. मग पुढे शंभरदा उघडा, शंभरदा तिथेच पडणार. अपग्रेडच्या आधीची प्रत असेल तर ती परत ठेवा, डिस्कवर जागा करा, क्लाउडचं सिंक थांबवा आणि स्थलांतर पुन्हा होऊ द्या. इथे एक धोका आहे. पुष्कळ प्रोग्राम डेटाबेससाठी एसक्यूलाइट नावाची लायब्ररी वापरतात, आणि त्याच्या डेटाबेसशेजारी त्याच नावाची, शेवटी 'वॉल' किंवा 'जर्नल' लिहिलेली फाइल दिसू शकते. ती कचरा वाटते, पण मुख्य फाइलीत अजून न उतरलेला मजकूर तिच्यात असू शकतो. कॉपी करताना दोन्ही बरोबर घ्या. तिला एकटीला कधीही काढू नका.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि पुन्हा इन्स्टॉल केल्यानं ती सुटत नाही. पूर्वी कधीतरी जुनी आवृत्ती चालत नव्हती म्हणून तुम्ही किंवा दुसऱ्या कुणी 'कंपॅटिबिलिटी'मध्ये 'विंडोज ७ साठी' अशी खूण केली असेल. विंडोज ती खूण चालणाऱ्या फाइलीच्या पूर्ण पत्त्यावर नोंदवून ठेवतं. नवी आवृत्ती त्याच पत्त्यावर त्याच नावानं बसली की ती खूण आपोआप तिच्या गळ्यात पडते, आणि नव्या प्रोग्रामला आपण विंडोज ७ वर आहोत असं सांगितलं जातं. आयकॉनवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'कंपॅटिबिलिटी', आणि तिथल्या सगळ्या खुणा काढा. याच जातीचं दुसरं भूत म्हणजे 'लोकल'मधलं 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डर. जुने ३२-बिट प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहायला गेले की विंडोज गुपचूप ते लिखाण इथे वळवतं. तिथे त्या प्रोग्रामचं काही सापडलं तर त्याचंही नाव बदलून बघा.

आणि ज्यांनी विंडोजच्या खात्याला देवनागरीत नाव दिलं आहे त्यांच्यासाठी खास. खात्याच्या फोल्डरलाही तेच नाव मिळालेलं असू शकतं. जुन्या पद्धतीच्या काही लायब्ररी कुठल्याही फाइलीचा पत्ता युनिकोड या सगळ्या लिपींच्या संकेतात न वाचता विंडोजच्या जुन्या कोड पेजमध्ये, म्हणजे ठरावीक लिपींपुरत्या अक्षरसंचात, वाचतात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं कोड पेज कधी नव्हतंच. मग नावाच्या जागी प्रश्नचिन्हं होतात आणि फोल्डर सापडत नाही. नव्या आवृत्तीत अशी एखादी लायब्ररी शिरली की आजवर चालणारा प्रोग्राम पडतो. दाखवायचं नाव सेटिंग्जमधून बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. रोमन अक्षरांच्या नावाचं नवं खातं करून त्यात काम हलवणं हा खात्रीचा उपाय. चाचणीचं खातं म्हणूनच रोमन नावानं उघडा. आपल्या लिपीतलं नाव ठेवलं ही तुमची चूक नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे. त्यांना तसं जरूर कळवा.

आता दुसरी वाट: नव्या खात्यातही प्रोग्राम पडला. मग विंडोजनं काय लिहून ठेवलंय ते वाचायचं. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्ज', त्यात 'ॲप्लिकेशन'. कोसळल्याच्या वेळेची लाल खुणेची नोंद शोधा, तिचा क्रमांक बहुधा १००० असतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या पायावर चालणारा प्रोग्राम असेल तर जोडीला १०२६ क्रमांकाचीही नोंद असते, आणि ती जास्त बोलकी असते. १००० मध्ये दोन ओळी महत्त्वाच्या: 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणजे कोणत्या फाइलीत पडला, आणि 'एक्सेप्शन कोड' म्हणजे कशानं पडला. कोड 'सी'नं सुरू होणारा असेल तर त्याचे शेवटचे आकडे बघा. ००५ असेल तर नको त्या मेमरीला हात लावला. १३५ म्हणजे डीएलएल सापडली नाही. १३९ म्हणजे डीएलएल सापडली, पण हवं ते फंक्शन तिच्यात नाही, बहुधा ती जुनी आहे. ०७बी म्हणजे ३२-बिट आणि ६४-बिटची सरमिसळ. ०१डी म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना.

मॉड्यूलच्या जागी 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' ही विंडोजची स्वतःची फाइल दिसली तर विंडोज बिघडलं असा अर्थ काढू नका. पडणाऱ्या प्रोग्रामांचा शेवट तिथे फार वेळा होतो. ढकलणारा दुसराच असतो.

'एमएसव्हीसीपी१४०' दिसलं तर मात्र मला आनंद होईल, कारण तो सोपा आहे. ही मायक्रोसॉफ्टच्या सी प्लस प्लस रनटाइमची, म्हणजे त्या भाषेतल्या प्रोग्रामांना चालताना लागणाऱ्या सामायिक कोडची, फाइल. २०१५ पासूनच्या व्हिज्युअल स्टुडिओ या साधनानं बांधलेले प्रोग्राम ही एकच मालिका वापरतात, आणि नियम असा की संगणकावरचं रनटाइम प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाइतकं तरी नवं असलं पाहिजे. पुष्कळ वर्षं हा नियम मोडला तरी खपून जात होतं. २०२४ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ ची १७.१० आवृत्ती आली, तिच्यात 'म्यूटेक्स' या घटकाची आतली रचना बदलली, आणि नव्या साधनानं बांधलेले प्रोग्राम जुन्या रनटाइमवर उघडताच कोसळू लागले. लोकांना वाटलं प्रोग्रामच खराब. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं ताजं रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे हेच रनटाइम बसवणारी फाइल, घ्या आणि टाका. तेवढ्यानं नाही भागलं तर नोंदीत त्या फाइलीचा पूर्ण पत्ता वाचा. तो विंडोजच्या 'सिस्टिम३२' ऐवजी प्रोग्रामच्याच फोल्डरमधला असेल, तर जुन्या आवृत्तीनं मागे सोडलेली प्रत वापरली जातेय, कारण विंडोज डीएलएल शोधताना आधी प्रोग्रामचं फोल्डर बघतं. अशा वेळी अनइन्स्टॉल करून उरलेलं फोल्डर बाजूला सरकवा आणि मगच नवी आवृत्ती टाका. डीएलएल एकेकटी देणाऱ्या साइटवरून फाइल कधीही उतरवू नका. ती कोणत्या आवृत्तीची, कोणी हात लावलेली, काहीच कळायचा मार्ग नाही.

चित्रांच्या प्रोग्रामात ग्राफिक्सचा संशय नेहमी घ्यावा लागतो. मॉड्यूलच्या नावाची सुरुवात रोमन अक्षरांत 'एनव्ही'नं झाली तर एनव्हिडिया, 'एटीआय'नं झाली तर एएमडी, 'आयजी'नं झाली तर बहुधा इंटेलचा ड्रायव्हर. ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. विंडोज अपडेट देतं तो बऱ्याचदा मागे असतो. पण तेवढ्यावर थांबू नका, नव्या आवृत्तीची गरज वाढली आहे का तेही तपासा. ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्राम ४.० पासून विंडोजवर ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डशी बोलण्याची एक पद्धत) ४.३ मागतो, त्याआधी ३.३ वर भागत होतं. कार्ड जुनं असेल तर कोणताही ड्रायव्हर ती उणीव भरून काढणार नाही.

प्रोसेसरचंही तसंच. ०१डी कोड आला तर नव्या आवृत्तीला एव्हीएक्स किंवा एव्हीएक्स२ या सूचना लागत असाव्यात. एव्हीएक्स२ इंटेलमध्ये २०१३ च्या हॅसवेलपासून आलं, आणि स्वस्त पेंटियम-सेलेरॉन चिपमध्ये त्यानंतरही बरीच वर्षं नव्हतं. इथे दुरुस्ती नाही, जुन्या आवृत्तीवरच राहावं लागतं.

मॉड्यूलचं नाव अगदीच अनोळखी निघालं तर तो पाहुणा असतो. स्क्रीन रेकॉर्ड करणारे, खेळांवर आकडे दाखवणारे, आवाज सुधारणारे प्रोग्राम आपली डीएलएल दुसऱ्यांच्या पोटात घुसवतात. ते एकेक बंद करून बघा. अँटीव्हायरसचा 'क्वारंटाइन' कप्पाही उघडून पाहा, नव्या आवृत्तीची एखादी फाइल तिथे पकडून ठेवलेली असू शकते. पण अँटीव्हायरस कायमचा बंद करू नका, त्या एका प्रोग्रामपुरती सूट द्या.

फॉन्ट आणि प्रिंटर, दोन शब्दांत. शेवटची ओळ 'फॉन्ट' होती तर अलीकडे टाकलेले फॉन्ट काढून बघा. आणि पुष्कळ प्रोग्राम उघडतानाच डीफॉल्ट प्रिंटरकडे कागदाचा आकार विचारतात. प्रिंटरचा ड्रायव्हर खराब असेल तर तिथेच पडतात. डीफॉल्ट बदलून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' करून बघायला अर्धा मिनिट लागतो.

एवढं करूनही नोंदीतून काही उलगडलं नाही तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातला 'प्रोसेस मॉनिटर' घ्या. प्रोग्रामच्या नावाची गाळणी लावा, प्रोग्राम चालवा, पडू द्या, आणि यादी खालून वर वाचत या. शेवटी कोणत्या फाइलीला हात लावला होता ते दिसतं. 'नेम नॉट फाउंड' अशा शेकडो ओळी असतील, त्यांना घाबरू नका. चार ठिकाणी शोधून पाचव्या ठिकाणी सापडणं हे रोजचंच आहे. पडण्याच्या अगदी आधी वाचलेली सेटिंग्जची, फॉन्टची किंवा प्लगिनची फाइल शोधा.

मॅक आणि लिनक्सवाल्यांनाही हीच वाट लागू आहे, दारं तेवढी वेगळी. मॅकवर 'कन्सोल' ॲपमध्ये 'क्रॅश रिपोर्ट्स' वाचा. खात्यातलं 'लायब्ररी' फोल्डर फाइंडरच्या 'गो' मेनूत ऑप्शन कळ दाबली की दिसतं, आणि त्यातली 'ॲप्लिकेशन सपोर्ट', 'प्रेफरन्सेस', 'कॅशेस' ही तीन ठिकाणं बघायची. प्रेफरन्सेसची फाइल हलवल्यावर लॉगआउट करून परत या, कारण मॅक त्या सेटिंग्ज मेमरीतही धरून ठेवतं. लिनक्सवर प्रोग्राम टर्मिनलमधून चालवा, तिथे तो सहसा स्वतःच कारण सांगतो. 'शेअर्ड लायब्ररी' उघडता आली नाही, 'अनडिफाइन्ड सिंबल', किंवा जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची अमुक आवृत्ती नाही, असं आलं तर जुन्या-नव्या पॅकेजांची सरमिसळ झाली आहे किंवा प्रोग्राम तुमच्या प्रणालीपेक्षा नव्या प्रणालीवर बांधलेला आहे. काहीच न बोलता पडला तर निकालाचा आकडा (एक्झिट कोड) बघा. १३९ म्हणजे मेमरीचा दोष, १३२ म्हणजे प्रोसेसरला न कळलेली सूचना.

काम अडलंय म्हणून जुन्या आवृत्तीवर परत जायचं असेल तर खुशाल जा, पण सुरुवातीला चित्रांची प्रत काढा म्हणालो होतो ते याचसाठी. नवी आवृत्ती एकदा उघडली आणि तिनं फाइल सेव्ह केली, की जुनीला ती वाचता येईलच असं नाही. सेटिंग्जचंही तसंच. फायरफॉक्सनं मे २०१९ मधल्या ६७व्या आवृत्तीपासून यावर पहारा बसवला: नव्यानं वापरलेलं प्रोफाइल जुन्याला उघडूच देत नाही, नवं प्रोफाइल करायला सांगतो. इतर बऱ्याच प्रोग्रामांत असा पहारा नसतो, ते बिनदिक्कत उघडतात आणि माहिती खराब करतात. म्हणून परत जाताना जुनी आवृत्ती आणि अपग्रेडच्या आधीची सेटिंग्ज अशी जोडीच परत ठेवा. ब्लेंडर आणि गिंपसारखे प्रोग्राम मोठ्या आवृत्त्यांसाठी वेगवेगळं फोल्डर ठेवतात, त्यांच्यात हा धोका पुष्कळ कमी.

आणि हे सगळं करून दोष प्रोग्रामचाच निघाला तर बनवणाऱ्यांना कळवा. जुन्या आणि नव्या आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरची तारीख, इव्हेंट व्ह्यूअरमधला सगळा मजकूर जशाचा तसा, आणि नव्या खात्यात काय झालं ते. नुसतं 'उघडत नाही' असं लिहिलं तर पहिलं पत्र हीच माहिती मागण्यात जातं. ते 'डंप' फाइल मागतील तर ती त्यांनी दिलेल्या खासगी मार्गानंच पाठवा, चारचौघांत टाकू नका. कोसळण्याच्या क्षणी मेमरीत जे होतं ते तिच्यात असतं, त्यात तुमचं काम किंवा पासवर्डही असू शकतो. तुम्ही मात्र आधी नवं खातं उघडून बघा, आणि तिथे प्रोग्राम उघडला की नाही तेवढं इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.